चुकीच्या जागी तोडलेला शब्द

परवा ऑफिसात मान खाली घालून बसायची वेळ आली... आणि चूक सगळी माझीच होती.

रायपूरला तेलीबांध्याजवळ आमचं छोटंसं ऑफिस आहे. परदेशी पुस्तकांची पानं लावून देतो, मी प्रूफं तपासतो. डच लोक दोन-तीन शब्द जोडून एकच लांबलचक शब्द करतात. ओळीत मावला नाही तर तो कुठे तोडायचा, ते आम्ही ठरवायचं. चुकीच्या जागी तोडला की उच्चार बदलतो आणि अर्थही.

मध्यंतरी एका डच चर्चची पुस्तिका आली होती. त्यात शब्द होता massagebed. मी massage पाहिलं आणि तिथंच ओळ तोडली. मसाजचा बेड, त्यात विचार काय करायचा...

पौर्णिमा तेव्हा आमच्याकडे प्रोबेशनवर होती; ते पान पहिल्यांदा तपासायला तिच्याकडे होतं. तिनं massa नंतर, gebed च्या आधी हिरवी रेघ मारली होती. म्हणाली, "सर, हे मासा-खेबेत असन. सगळ्यायनं मिळून केलेली प्रार्थना. चर्चमधे मसाज काहून येईन?"

सगळे हसले. मला ते लागलं. "अठरा वर्षं हेच करून राहिलो मी," असं म्हणत तिच्या रेघेवर लाल फुली मारली आणि खाली सही ठोकली.

परवा क्लायंटचा मेल आला. त्यांच्या सामूहिक प्रार्थनेचा आम्ही मालिशचा पलंग करून टाकला होता... आणि पुस्तिका छापून वाटूनही झाली होती.

मीटिंगमध्ये मॅनेजरनं विचारलं, हे पान कोणाकडे होतं? कामवाटपाच्या यादीत त्या पानापुढं नाव पौर्णिमाचं. तिचं परमनंट होणं तिथल्या तिथे लांबलं. मी समोरच होतो... पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसलो.

संध्याकाळी ते जुनं प्रूफ तिच्या टेबलावर दिसलं. हिरवी रेघ, त्यावर माझी फुली, खाली माझी सही.  मी विचारलं, मीटिंगमधे दाखवलं काहून नाही?

"मले वाटलं, तुमी सोताच सांगान."

काल सकाळी ते पान घेऊन मॅनेजरकडे गेलो. तिचं परमनंट होण्याचं काम झालं. त्या दिवशी ऑफिसात हसलेले सगळे इथं माझ्या मित्रयादीत आहेत, म्हणून हे इथंच लिहितोय... पौर्णिमा, तू बरोबर होतीस.

लाज शब्द चुकल्याची नाही वाटत. अख्ख्या मीटिंगभर ती पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी झाकण फिरवत होतो.