एक मत, बोंबलांच्या बाजूचं

ठाण्याच्या कोपरीहून डोंबिवलीला टेम्पोने जायला तासभर लागतो. आम्हाला सात पिढ्या लागल्या.

त्या सकाळी टेम्पो कोळीवाड्याच्या तोंडाशी उभा होता. आत दोन ट्रंका, लोखंडी कॉट, देव्हारा आणि सगळ्यांच्या वर बाचं जाळं. डोंबिवलीत त्या जाळ्यात काय पकडणार होता ते बालाच ठाऊक. आख्खा वाडा निरोपाला आलेला आणि आख्खा वाडा आम्हाला शिव्या घालत होता. चंपूमावशी, म्हणजे आमची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, टेम्पोच्या फळीवर हात आपटून आयला म्हणाली, "जा, वरनभात खा जा. तुजी जीभच गलून पडंल." आणि एवढं बोलून ती अशी रडली, अशी रडली, की खाडीला अवेळी भरती आली. मी डोळ्यांनी पाहिलंय. खोटं वाटत असेल तर कोपरीत विचारा. तुम्हीच तर होता तिथे, वाड्यातल्या माझ्या माणसांनो. तुमच्यासाठीच लिहितोय. आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे आपला वास साबणाने धुऊन कुठे कुठे जाऊन बसलेत.

का निघालो ते तुम्हाला सांगायला नको. खाडी मेली होती. कारखान्यांचं पाणी असं यायचं की सोमवारी लाल, मंगळवारी जांभळं, आणि बोईट मासे पोटं वर करून तरंगायचे. चिंबोऱ्या खोकत खोकत बाहेर यायच्या, किनाऱ्यावर बसून दम घ्यायच्या. बाने वर्षभर रिकामं जाळं ओढलं आणि मग डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात नोकरी धरली. ज्यानं मासे मारले त्याच्याच घरचा पगार. बा कामावरून आला की त्याची बनियन आय वेगळी भिजवायची, कारण घाम गुलाबी यायचा. तरी माझे पांढरे शर्ट कॉलेज संपेपर्यंत गुलाबी होते. पोरींना ती फॅशन वाटायची.

'नवविचार' सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. आणि त्याच मजल्यावर, समोरच्या दारात, मला माझा नवा देव मिळाला.

करंदीकर सर कॉलेजात गणित शिकवायचे. चष्मा एवढा जाड, की त्यांना पुढचं शतक दिसायचं असं मी म्हणायचो, आणि मला ते खरंच वाटायचं. त्यांनी वर्गणी काढून सोसायटीसाठी संगणक आणला. त्या काळी आसपासच्या दहा गल्ल्यांत संगणक नव्हता. तो त्यांच्या हॉलमध्ये बसवला, त्याला मखमली खोळ शिवली, आणि चपला दाराबाहेर काढल्याशिवाय कोणाला आत सोडत नसत. सर देव मानत नव्हते. धुळीला मात्र मानत होते.

त्यांचं तत्त्वज्ञान सोपं होतं. ते रोज संध्याकाळी चहाबरोबर मिळायचं. "दत्ता, प्रत्येक माणूस स्वतंत्र हवा. त्याचं मत त्याचं, त्याचा देव त्याचा, त्याचं ताट त्याचं. आणि जिथे दोन स्वतंत्र माणसांचं वाजेल, तिथे तिसरा माणूस नको. तिथे यंत्र हवं. माणूस आला की नातं आलं, नातं आलं की मेहुणा आला. यंत्राला मेहुणा नसतो."

हसू नका. आधी आमच्या बिल्डिंगचं पाणी ऐका. सेक्रेटरीच्या मेहुण्याकडे टाकी भरून वाहायची आणि आमच्याकडे नळ शिट्टी वाजवायचा. सरांनी पाळ्या संगणकाला लावायला दिल्या, मी त्यांच्या हाताखाली प्रोग्रॅम लिहिला, आणि प्रिंटरने कर्रर्र कर्रर्र करत कागद बाहेर काढला. आठवड्यात सगळ्यांना पाणी. मेहुण्यालाही तेवढंच. बा त्या रात्री दोनदा अंघोळ करून म्हणाला, "हा माणूस लय मोठा हाय." सरांनी आम्हाला कधी जात विचारली नाही, आमच्या घरी चहा प्यायले, आपल्या महागड्या कीबोर्डवर माझी बोटं चालू दिली. मी पुरता वाहून गेलो. वाटलं, झालं, सुटलो आपण. जात, गाव, वशिला, सेक्रेटरी, सगळं त्या हिरव्या पडद्यात बुडणार आणि वर येईल तो फक्त माणूस. पुढे सोसायटीचे सगळेच निर्णय संगणकावर मतदानाने व्हायला लागले. संगणकासमोर कापडी पडदा, त्याआड एकेकाने जायचं, हवं असेल तर एक दाबायचं, नको असेल तर दोन. घराला एक मत. वीज गेली की लोकशाही तहकूब व्हायची, एवढाच काय तो दोष.

आय गच्चीवर बोंबील वाळवायची. भाऊच्या धक्क्यावरून ओले आणायचे, गच्चीवर दोऱ्या बांधून टांगायचे, सुकले की रामनगरच्या नाक्यावर विकायचे. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि शिकून घ्यायचंही नव्हतं. दोऱ्या पुरल्या नाहीत की ती टीव्हीच्या अँटेन्यांना टांगायची. मग रविवारी सकाळी सगळ्या बिल्डिंगच्या टीव्हीवर मुंग्या यायच्या. लोक म्हणायचे बोंबलांमुळे. मला विचाराल तर एकदा बातम्या सांगणाऱ्या बाईनेही नाकाला रुमाल लावलेला मी पाहिलाय.

पण तोंडावर कोणी काही बोललं नाही. उलट दुसऱ्या मजल्यावरच्या लेलेवहिनी आयकडून गुपचूप बोंबलांची चटणी न्यायच्या, पदराखालून, वाटीवर दुसरी वाटी पालथी घालून. जिन्यात भेटलं की सगळे, "काय वहिनी, बऱ्या ना?" आणि एके दिवशी सरांच्या दारावर चिठ्ठी लागली: येत्या रविवारी मतदान. प्रश्न – गच्चीवर मासळी वाळवण्यास परवानगी असावी का?

मी सरांना म्हटलं, "सर, पापड, कुरडया, सांडगे पण वाळतात वर. प्रश्न 'खाद्यपदार्थ' असा घालू ना."

"पापडाविरुद्ध तक्रार नाही, दत्ता."

"मासळीविरुद्ध कोणाची आहे?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "ते सांगता येणार नाही. तक्रारदारालाही स्वातंत्र्य आहे." आणि हे त्यांनी इतक्या प्रेमाने सांगितलं की मला राग कोणावर धरायचा तेच सुचेना.

रविवारी बा पाळीवर होता, म्हणून आमच्या घरचं मत द्यायला आय गेली. नऊवारीचा कासोटा घट्ट, केसात अबोली, चपला बाहेर. पडद्याआड गेली आणि बाहेर रांगेतल्या सगळ्यांना तिचा आवाज ऐकू आला. "काय रं, मासलीचा वास येतो म्हनतंस? नाक कुठं हाय तुला? दाव बघू." मग पुन्हा, "बोलत का नायस?" पडद्याबाहेर आली ती सरांसमोर उभी राहिली. "आडनावात करंदी मासली घेऊन फिरता सर, आनि वास सोसंना तुमाला?"

सर मनापासून हसले. सगळेच हसले. मला वाटलं, सुटलं हे प्रकरण.

संध्याकाळी प्रिंटरने निकाल काढला. परवानगी नको – बाकी सगळे. परवानगी असावी – एक.

लेलेवहिनींनी पदर सारखा केला. आयने कागद माझ्याकडून वाचून घेतला, पुन्हा वाचायला लावला, आणि म्हणाली, "पन मी तर बटन दाबलंच नाय."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"त्याच्याशी बोलत होते मी. तो बोलंना. तशीच आले भायेर." आणि मग तिने त्या हॉलमधल्या एकेका तोंडाकडे पाहिलं. "मंग ह्यो एक कोन?"

आख्खी सोसायटी जमिनीकडे बघत होती. फरशीत एवढं पाहण्यासारखं काही नव्हतं, साधी शहाबादी होती.

"वहिनी, ते विचारायचं नसतं," सर म्हणाले. "गुप्तता हा त्याचा आत्मा आहे."

"आत्मा असंल. तोंड कुठं हाय?" आय म्हणाली. "आमच्या वाड्यात जो नको म्हनतो त्याला उभं ऱ्हाऊन म्हनावं लागतं. मंग आमी त्याच्या सात पिढ्या काढतो. नि दुसऱ्या दिशी त्याच्याच होडीत बसतो. इथं मी भांडू कोनाशी? नि त्या एकाच्या घरी नारल कुठं देऊ?" मग ती दारात जाऊन, चपला हातात घेऊन म्हणाली, "एकानं माज्या घरी यावं. तोंडावर सांगावं, बाई, मना वास येतो. उद्यापासून बोंबील बंद. मतबित नको मना. एकानं यावं."

आठ दिवस तिने दार उघडं ठेवलं. चहाचं आधण चढवलेलंच असायचं. जिन्यातून जाताना सगळे हसायचे, "काय वहिनी, बऱ्या ना?" आत कोणी आलं नाही. सरही नाहीत. त्यांच्या मते निर्णय झाला होता, आता बोलणं म्हणजे दडपण आणणं. दुश्मन कोण ते कळलं नाही, हे आयने एक वेळ गिळलं असतं. दोस्त कोण तेही कळेना, हे तिला गिळवेना. लेलेवहिनी दिसल्या की हिचा चेहरा उजळायचा, वाटायचं, ही असेल. मग वाटायचं, हिनेच चिठ्ठी लावायला लावली असेल. एकाच तोंडाकडे ती दिवसातून दहा वेळा दोन्ही डोळ्यांनी दोन तऱ्हेने बघायची. त्याने माणूस खलास होतो, मी पाहिलंय.

नवव्या दिवशी ती कोपरीला मामाकडे निघून गेली. जाताना बोंबलांचं एक पुडकं वर्तमानपत्रात बांधून जिन्याच्या कठड्याला टांगून गेली. मला म्हणाली, "त्या एकासाठी." दुसऱ्या सकाळी पुडकं नव्हतं. त्या एकाने नेलं, झाडूवाल्याने फेकलं की मांजराने लांबवलं, डोंबिवलीत आजही कोणी सांगणार नाही. गुप्तता तिथे फार पाळतात.

बा डोंबिवलीतच राहिला. कारखाना तिथे होता ना. रविवारी कोपरीला जायचा, जावई सासरी गेल्यासारखा, हातात केळी घेऊन. आमचं घर मोडलं म्हणावं तर कोणी मोडलं नव्हतं. कोणी शब्दसुद्धा बोललं नव्हतं.

सर मला म्हणाले, "यंत्र चुकलं नाही, दत्ता. समाज तयार नाही. तिकडे तो तयार आहे." सरांवरचा माझा विश्वास पुरातल्या ओंडक्यासारखा होता, बुडतही नव्हता आणि काठालाही लागत नव्हता. तो मला वाहवत कॅलिफोर्नियात घेऊन आला. निघताना विमानतळावर आय आली, बा आला. आयने एवढंच विचारलं, "तिथं लोक भांडतात ना रं?" मी म्हटलं, "आय, तिथं लोक लय चांगले." तिचा चेहरा पडला.

आणि लोक खरंच चांगले. इथे माझ्या ऑफिसात करंदीकर सर पायलीचे पन्नास, फक्त हाफ पँट घातलेले. कोणी गराजमध्ये बसून सरकार बरखास्त करतंय, कोणी लंचला पिझ्झा खात देशांच्या सीमा पुसतंय. "नेटवर्क आलं की पासपोर्ट कशाला?" असं मला एकाने विचारलं तेव्हा मी व्हिसाच्या मुदतवाढीसाठी फोटो काढून घेऊन येत होतो. दत्ता त्यांना म्हणता येत नाही. ते मला डेटा म्हणतात. आयने बारशाला खाडीकाठच्या दत्ताचं नाव ठेवलं होतं, त्याचं हे झालं. सगळे नम्र, सगळे समान, सगळ्यांची दारं बंद.

गेल्या उन्हाळ्यात मी टाउनहाऊसच्या बाल्कनीत बोंबील टांगले. इंडियन स्टोअरमधले फ्रोझन. सुकता सुकत नव्हते, रडत होते बिचारे. तिसऱ्या दिवशी असोसिएशनकडून, म्हणजे इथल्या सोसायटीकडून, ईमेल आला. एका रहिवाशाने काळजी व्यक्त केली आहे, रहिवाशाच्या खासगीपणाचा आदर राखून नाव दिलेलं नाही, आपल्या संस्कृतीचाही आम्हाला आदर आहे, कृपया काढा. मी येड्यासारखा दारोदार गेलो. "तुम्ही का? मला सांगा, मी लगेच काढतो." प्रत्येक दारात हसणारे दात. कोणी केकही दिला.

मग मी फोन लावला. वाड्यात फोन चंपूमावशीकडे आलाय. आयला बोलावलं, सगळं सांगितलं.

"बोल्ला कोन?" तिने विचारलं.

"कोणी नाय. ईमेल आला."

पलीकडे चंपूमावशीच्या कढईचा आवाज. मग आय म्हणाली, "मंग तू गेलास कुठं, दत्त्या? त्याच बिल्डिंगीत तर हायस."

मागून चंपूमावशी ओरडली, "त्याला सांग, यायचं तर ये, नायतर फोन ठेव, माजा जवला करपतोय." तिची शिवी इथे लिहीत नाही. पण इतक्या वर्षांत मला कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं. मी रिसीव्हर कानाला चिकटवून उभा राहिलो.

"पुडकं टांग," आय म्हणाली. "एक तरी असंल."

टांगलं. टपालाच्या पेट्यांच्या खांबाला, वर्तमानपत्रात बांधून. सकाळी पुडकं तिथेच होतं. दुपारी दुसरा ईमेल आला, पुडकंही काढा म्हणून.

म्हणजे डोंबिवलीत निदान एक होता.

त्याच्यासाठीच खरं तर एवढं लिहिलं. बाबा रे, किंवा बाई गं, तू जो कोणी असशील. आता सोसायटीत तो संगणकही नसेल, खोळ फाटली असेल, मतदान जुनं झालं. पत्र पाठवू नकोस, निरोप पाठवू नकोस. गाडी पकड, ठाण्याला उतर, पूर्वेला ये, कोळीवाड्यात कोणालाही विचार. आयच्या दारात उभा राहा आणि तिच्या तोंडावर सांग, "तो मी." ती आधी तुझ्या सात पिढ्या काढील, एवढी वर्षं कुठं मेला होतास म्हणून. मग पाट मांडील. माझ्या घराचा पत्ता आता तेवढाच उरलाय, आणि तिथे मी नाही, तू पोचायला हवंस.