सातवा बिशप

मुलांनो, चाळीसच्या दशकात नगरच्या मिशनमध्ये पाथर्डीकडचे एक म्हातारे नकलनवीस होते. स्कॉटलंडच्या पाद्रीसाहेबांनी तिकडच्या आपल्या गावच्या मध्ययुगीन बिशपांचा इतिहास लिहिला, त्याची छापखान्यासाठी स्वच्छ प्रत ते काढत. त्यांना इंग्रजी येत नसे. अक्षरं ते चित्रासारखी उतरवत आणि टाक पागोट्याला पुसत.

पुस्तक छापून आलं, तेव्हा मी मॅट्रिकला होते; मला इंग्रजी वाचता येतं म्हणून ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आले.

"ताई, सायब म्हनलं हुतं, तुजं नाव घालतो. कुटं हाय, दावा की."

आभारात साहेबांच्या कुत्र्याचंही नाव होतं, यांचं नव्हतं. मला सांगवेना. मी आतल्या एका नावावर बोट ठेवलं.

"ह्यो तर सातवा बिशप, ताई. ह्येला म्या चारदा लिवलाय."

पुस्तक मिटून ते पुढच्या कागदावर रेघा आखू लागले.