छतमास्तरांची मान

"ओल्या रंगावर बोलायचं नसतं," असं छतमास्तर कायम म्हणत. घरमालक खाली उभा राहून विचारी, मधे जरा फिकट दिसतंय का हो? छतमास्तर शिडीवरूनच हे वाक्य खाली सोडत आणि पुन्हा रोलर फिरवू लागत. ओला असताना रंग खोटं बोलतो, कुठे गडद, कुठे डागाळलेला. रात्रभर सुकू द्यावा, सकाळच्या उजेडात बघावा, तेव्हा तो खरं काय ते सांगतो. ही त्यांची जन्माची समजूत, आणि ती त्यांनी जेवणापासून जावयापर्यंत सगळ्यांना लावली. मुलगा कसा वाटला, असं बायकोनं विचारलं तेव्हा म्हणाले होते, सुकू दे.

भिंती ते रंगवत नसत. भिंत काय, समोर उभी असते, तिच्याशी कोणीही बोलेल; छताशी बोलायला मान मागे टाकावी लागते. बाकीचे रंगारी भिंती उरकत आणि छतासाठी यांना बोलावून नेत. अशी उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आकाशाकडे तोंड करून काढली. मधे छत होतं, एवढंच.

बायको गेली त्या वर्षी मान दुखायला लागली. लोक म्हणाले, दुःख मानेत उतरलं. छतमास्तरांना ते पटलं नाही. दुःख त्यांच्या ओळखीचं होतं, ते वेगळ्या जागी बसलं होतं. हे दुखणं डोक्याच्या मागे, उजवीकडे, कवटी संपते तिथून निघे आणि खांद्याशी येऊन थांबे. वर बघितलं की कळ. उजवीकडे वळलं की कळ. पाठीचंही तसंच, कमरेतून मागे झुकलं की कोणी चावल्यासारखं व्हायचं, पुढे वाकून बसलं की सुटायचं. सकाळी उठताना सगळा कणा गंजलेल्या कुलपासारखा धरलेला असे, आणि जरा चालणं झालं की सैल होई.

मलम झालं, पट्टा झाला, गरम पाण्याची पिशवी झाली. जाड उशी काढून पातळ घेतली, पातळ काढून टॉवेलची गुंडाळी. पाठीला मलम लावायला हात पोचेना, तेव्हा त्यांनी जुन्या ब्रशच्या दांड्याला फडकं बांधलं आणि त्याने पाठ चोळली. कोणी बघितलं असतं तर हसून लोळलं असतं. बघायला कोणी नव्हतं.

लेक दुसऱ्या शहरात होती. दर रविवारी तिचा फोन येई आणि शेवटी एकाच वळणावर येई: बाबा, आता इकडे या. तिच्या घरी मागची खोली रिकामी होती, जावई भला होता, जेवण वेळेवर मिळालं असतं. छतमास्तरांना त्या खोलीची धडकी भरे. तिथे सकाळी उठून कुठे जायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकटे तर ते इथेही होते, पण इथला एकटेपणा त्यांच्या अंगाला बसलेला होता, जुन्या सदऱ्यासारखा. शेवटी त्यांनी शब्द दिला की डॉक्टरांनी हात टेकले तर येईन. तेव्हापासून मान आणि खोली एकाच खिळ्याला टांगल्या गेल्या.

डॉक्टरांनी फोटो काढले आणि नीट समजावलं. मणक्यांच्या मागे दोन्ही बाजूंना छोटे सांधे असतात, दाराच्या बिजागऱ्यांसारखे. मान मागे टाकली की ते एकमेकांवर दाबले जातात. यांनी जन्मभर त्यांनाच राबवलं, ते झिजले. पण फोटोत झीज दिसली म्हणजे दुखणं तिथलंच असं नाही. कितीतरी लोकांचे सांधे झिजतात आणि त्यांना पत्ताही लागत नाही. म्हणून आधी व्यायाम. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी त्यांना पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंना कामाला लावायला शिकवलं, आणि पाठ बरीच सुटली. मान मात्र हटून बसली.

मग डॉक्टर म्हणाले, चोर पकडून बघू. सांध्याकडून दुखण्याची खबर वर नेणारी बारीक नस असते, तिच्याजवळ बधिर करणारं औषध सोडायचं. काही तास दुखणं गप्प बसलं तर चोर तोच. मग दुसऱ्या खेपेला गरम सुईने ती नस भाजून टाकायची. गप्प बसलं नाही तर भाजण्यात अर्थ नाही.

सुई टोचून झाल्यावर नर्सनं बजावलं, घरी जाऊन लोळू नका. ज्याने दुखतं तेच करून बघा, संध्याकाळी मी फोन करते.

घरी येऊन छतमास्तर खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी भीत भीत मान मागे टाकली. कळ आली नाही. आणखी टाकली. पंख्याशेजारी रोलरचा एक जोड, दोन पट्ट्या जुळतात तिथली रेघ, दिसत होता, कधीकाळी स्वतःच्याच हातून राहिलेला. बायको तो दाखवून चिडवत असे. ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग उजवीकडे वळले, डावीकडे वळले, पुन्हा वर. तोंडातून हसू फुटलं. कोणाला तरी सांगायला ते वळले, तर समोर खुर्ची होती.

संध्याकाळी नर्सचा फोन आला. छतमास्तर म्हणाले, आत्ता नाही सांगता येणार, सकाळी सांगतो. थोडा तरी फरक आहे का, असं तिनं दोनदा विचारलं. घाई करू नये बाई, एवढंच ते म्हणाले.

सकाळी मान होती तशी झाली होती. ते इमानदारीनं दवाखान्यात गेले आणि सांगितलं, काही फरक नाही. डॉक्टर हळहळले. म्हणाले, मग हा सांधा नव्हे. गोळ्या घ्या, व्यायाम चालू ठेवा. छतमास्तरांनी त्याच दिवशी लेकीला येतो म्हणून कळवलं आणि शिडी एका ओळखीच्या रंगाऱ्याला देऊन टाकली. तो शिडी खांद्यावर घेऊन जिना उतरला, तेव्हा खोली एकदम उंच वाटायला लागली.

निरोप घ्यायला ते ताईंकडे गेले. बोलता बोलता म्हणाले की खोली सोडताना एक रुखरुख आहे, पंख्याशेजारी जोड राहिलाय, त्या संध्याकाळी इतक्या वर्षांनी नीट दिसला.

ताईंचा हात थांबला. "काका, छत बघितलंत? मान वर करून?"

"हो. चांगलं झोपेपर्यंत बघत होतो."

"आणि दुखलं नाही?"

"तेव्हा नाही दुखलं. पण ते ओलं होतं ना. सकाळी सुकल्यावर बघितलं तर होतं तसंच."

ताई आधी हसल्या, मग त्यांचं हसू मावळलं. "अहो काका, हे औषध ओलं असतानाच खरं बोलतं," त्या म्हणाल्या. "सुकल्यावर त्याच्याजवळ सांगायला काही उरतच नाही."

एवढ्या वर्षांत छतमास्तरांच्या वाक्याला उलटं उत्तर कोणी दिलं नव्हतं.

ताईंनी डॉक्टरांच्या कानावर घातलं, आणि डॉक्टरांनी पुन्हा सुई टोचली. या खेपेला संध्याकाळी फोन यायच्या आधी छतमास्तरांनीच तो लावला आणि नर्सला कुठे, किती आणि कसं दुखत नाही ते इतकं सविस्तर सांगितलं की ती म्हणाली, काका, मला बाकीचेही पेशंट आहेत.

नस भाजायच्या दिवशी सोबत घरचं माणूस हवं होतं. लेक रजा टाकून आली. नंतर काही दिवस मान भाजल्यासारखी हुळहुळली, मग हळूहळू दुखणं विरत गेलं. डॉक्टरांनी बजावलं, नस वर्षभरात पुन्हा वाढेल, दुखणं परत येऊ शकतं, तेव्हा पुन्हा भाजू. व्यायाम सोडायचा नाही. आणि छत बंद, भिंतीच करायच्या.

लेकीने बॅग भरायला घेतली तेव्हा छतमास्तरांनी तिला तिचेच कपडे भरायला सांगितले.

"इथे कोण आहे तुमचं, बाबा?"

"कोणी नाही. पण कुठे काय ठेवलंय ते मला अंधारातही सापडतं."

ती रडली नाही, भांडली. भिंती रंगवणार म्हणे, आयुष्यभर ज्यांना नावं ठेवली त्या. छतमास्तर म्हणाले, आता शिकेन त्यांच्याशी बोलायला. शब्द डॉक्टरांनी हात टेकण्याचा होता आणि डॉक्टरांनी हात टेकले नव्हते, हे तिलाही कळत होतं.

सकाळच्या गाडीला ते तिला सोडायला गेले. बॅग वर ठेवून दिली, खिडकीशी उभे राहून पोचल्यावर कळव म्हणाले, आणि गाडी हलायच्या आत निघाले. लेक मागच्या काचेतून बघत राहिली. स्टँडच्या फाटकापर्यंतचा रस्ता सरळ होता. आता त्यांना मान वळवता येत होती. ते वळून बघतील म्हणून ती वाट बघत होती, पण ते न वळता, एका लयीत चालत फाटकाबाहेर गेले.