नंबर बरोबर होता

चौकातल्या चष्म्याच्या दुकानदाराला सगळे चष्मेकाका म्हणत. गिऱ्हाईक दारात डोळे किती बारीक करतं, एवढ्यावरून ते नंबर सांगत आणि सहसा चुकत नसत. त्यामुळे बायको चहा ढवळायला कंगवा उचलू लागली, तेव्हा त्यांनी लगेच निदान केलं, नंबर वाढला. आठवड्यापूर्वी तिला चक्कर आली होती. अर्ध्या तासात बरं वाटलं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

वर्षभरात चार चष्मे झाले. तपासणीच्या तक्त्यावर बारीकात बारीक रेघ कुठे वळली ते ती बिनचूक दाखवायची. पण घरी मेजावरच्या कात्रीकडे टक लावून विचारायची, “अहो, हे काय आहे?” हातात दिली की म्हणायची, “अगं बाई, कात्री की.”

एकदा पाहुण्यांसमोरच काका चिडले. “डोळे ठणठणीत आहेत तुझे. कसली सोंगं करतेस?”

त्यानंतर तिने विचारणंच सोडलं. हात मांडीवर ठेवून गप्प बसून राही.

शेवटी लेक तिला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. काकाही गेले. बाई म्हणाल्या, “डोळा नुसतं चित्र पोचवतो. ही कात्री, हे मेंदू सांगतो. वस्तू ओळखायला शिकताना मेंदूतला बघण्याचा भाग बदलत जातो, त्या वस्तूची ओळख तिथे पक्की होते. त्या चक्करेच्या वेळी रक्ताची गुठळी अडकून तोच भाग दुखावला. सरावाने थोडं परत जमेल. लवकर आला असतात तर जास्त जमलं असतं.”

“मी रोज बघत होतो तिला,” काका एवढंच म्हणाले.

मग दुपारी दुकान बंद ठेवून ते तिच्यासमोर बसू लागले. वस्तू बघायची, चाचपायची, नाव घ्यायचं, पुन्हा नुसतं बघायचं. आठ महिन्यांत साठेक वस्तू तिला बघून ओळखू येऊ लागल्या. एकदा म्हणाली, “गाळणी. चांगलं ते सोडून देते, गाळ तेवढा धरून ठेवते. तुमच्यासारखी.” काका हसले, पण ते त्यांच्या जिव्हारी लागलं.

कारण अजूनही नाव घेण्याआधी ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची, चिडले तर नाहीत ना म्हणून. काका मुद्दाम हसरा चेहरा करून बसत. तरी ती बघायचीच.