वाटीतलं खोबरेल तेल

आमच्या ग्लासगोच्या मंडळात ही कुजबुज सुरू झाली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवात. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता मीनल स्वातीच्या कानाशी लागली, "त्या हरीशने आईला गॅरेजमध्ये ठेवलंय. शप्पथ! कुत्र्याला फिरवत होते, तर आतून म्हातारीचा आवाज, 'हऱ्या, दाराखालून वारं येतंय रे!'" चहा येईपर्यंत म्हातारीच्या जेवणाची ताटली त्याच दाराखालून आत सरकवली जाऊ लागली होती. आमच्या सौभाग्यवतींनी बातमी गरम गरम घरी आणली.

हरीश राहतो आमच्या समोर. नागपूरचा, पन्नाशीचा, कॉम्प्युटरवाला, एकटा. लग्न का केलं नाही यावर माझ्याकडे तीन थिअऱ्या आहेत, पण आज त्या राहू देत. त्याची आई, लीलावतीबाई, नागपूरला एकटीच. गेल्या पावसाळ्यात त्या मोरीत पडल्या आणि हरीशने व्हिसाचा अर्ज टाकला. बाईंना जिने चढवत नाहीत, आणि त्याच्या घरात झोपायच्या खोल्या सगळ्या वर. खाली उरलं गॅरेज. दार काढून भिंत घालायची तर कौन्सिलची परवानगी आली, बिल्डरची मनधरणी आली. हरीशला तेवढा दम नव्हता. व्हिसा उद्या आला तर?

मग सुरू झाली गॅरेजच्या दाराला आतून लावायच्या अस्तराची निवड. हॉलमध्ये नमुने मांडून बसला होता. चांदीसारखा चमकणारा फुगेवाला कागद, पांढरा थर्मोकोल, आणि जाड पिवळसर फोमचे बोर्ड.

"अरे, लग्नासाठी एवढी स्थळं बघितली असतीस तर आज नातवंडं असती," मी म्हणालो.

"काका, यातलं गरम कुठलं?"

"गरम एकही नाही. आत ऊब असेल तर हे ती बाहेर जाऊ देत नाहीत, एवढंच."

त्याने आधी स्वस्तातला चमकता कागद लावला. वारं खालून यायचं ते येतच राहिलं. मग दाराखाली रबराची पट्टी, बाजूंना ब्रश. शेवटी फोमचे बोर्ड चिकटवले, तर दार इतकं जड झालं की स्प्रिंगांना पेलेना. त्याने दार कायमचं बंदच करून टाकलं. आत पलंग नेला, भिंतीला धरायला दांडी बसवली, हीटर लावला. अख्ख्या गल्लीने पलंग आत जाताना पाहिला. आणि ही सगळी तपासणी कोण करायचं? बाई स्वतः, फोनवरून. हा व्हिडिओ लावून फोन दारापाशी धरायचा, त्या तिकडून चष्मा सावरत म्हणायच्या, "हऱ्या, तो पडदा हलतोय बघ!"

बाईंची एकच अट होती. "ज्या घरात खोबरेल तेल गोठतं तिथे मी राहणार नाही." म्हणून दारापाशी तेलाची वाटी. रोज सकाळी उठून हा ती तिरकी करून बघायचा. घट्ट.

"बाबा रे," मी म्हटलं, "आमच्या हॉलमध्येसुद्धा गोठतं ते! या देशात सगळ्यांचंच गोठतं. घालायचं दोन स्वेटर."

"आईने सांगितलंय, काका."

आणि त्याने बोर्डांवर आणखी एक थर चढवला. तेल पातळ राहील इतकी ऊब म्हणजे ग्लासगोत भट्टीच. बनियनवर काम करायचा पठ्ठ्या, बाहेर बर्फ! जानेवारी संपता संपता एका सकाळी वाटीतलं तेल हललं. माझ्यासमोर त्याने फोन लावला.

"आई, बघ."

बाईंनी बराच वेळ निरखून पाहिलं. "पुन्हा हलव," म्हणाल्या. त्याने हलवलं. "बरं. येते मग."

त्याच आठवड्यात अर्ज नाकारल्याचं कळलं. कारण काय, तर काळजी घ्यायला तिकडे पगारी बाई मिळू शकते. हरीश अपील करतो म्हणाला. हीटर मात्र त्याने बंद केला नाही. फेब्रुवारीत नागपूरहून फोन आला आणि तो मिळेल त्या विमानाने गेला.

परत आला तेव्हा लोकरी टोपीखाली केस नव्हते. मीनलने ते बरोबर हेरलं. "सांगितलं नव्हतं? म्हातारी गारठून गेली गॅरेजमध्ये!"

मी बातम्या पोचवणारा माणूस. ही मात्र त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन हळू आवाजात सांगितली. तो पलंगाच्या कडेवर बसून होता. खोली अजून उबदार होती. वाटी दारापाशीच.

"मी सांगतो सगळ्यांना खरं काय ते," मी म्हणालो.

"राहू द्या, काका. त्यांच्या बोलण्यात तरी ती इथे राहून गेली."

तेव्हा मी ते राहू दिलं. पण आता हरीश नागपूरला परतलाय, घरही विकलंय, म्हणून लिहितो. लीलावतीबाई त्या गॅरेजमध्ये एक दिवसही राहिल्या नाहीत. मीनलने ऐकला तो फोनवरचा आवाज होता. त्या ग्लासगोला कधी आल्याच नाहीत.