दोनदा गाळलेला मध

मी मध खात नाही. आमच्या मंडळात याची थट्टा होते. मधमाश्यांची एवढी हौस असलेली बाई दुसऱ्यांच्या बरण्या भरून देते आणि स्वतः बोटही लावत नाही. गोड सोसत नाही, असं मी सांगते. पेढा मात्र सोसतो. हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, किंवा आलं असेल आणि कुणी विचारलं नसेल. खरं कारण मी धाकट्या बहिणीलाही सांगितलेलं नाही, आणि तिच्यापासून मी दुसरं काय लपवलं आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

क्रमानं सांगते. मला क्रमाशिवाय काही सुचत नाही. नंदुरबारच्या मुलींच्या शाळेत मी शिकवते, आणि शाळेत काय, घरात काय, भिंतीवर याद्या लावलेल्या असतात. मधमाश्यांची पेटी उघडण्याआधी काय काय हाताशी हवं त्याचीही यादी होती — धुरासाठी गोवऱ्या, चाकू, तोंडावर घ्यायचं पातळ कापड, पाण्याचं भांडं. मंडळात कोरीटचे विठ्ठलभाऊ होते, शेतकरी माणूस, ते दर रविवारी विचारायचे, "बाई, तुम्हना पेटीमा माश्या बी शेतस का नुसत्या याद्याच?" सगळे हसायचे. मीही हसायची. पण मला ते झोंबायचं, हे इथंच सांगून टाकते, कारण पुढं त्याचा संबंध येतो.

मंडळ म्हणजे आम्ही सात-आठ हौशी माणसं. देवरेतात्या जंगलखात्यातून पेन्शन घेऊन आले होते, त्यांच्या अंगणात आम्ही जमायचो. पेटीत माश्या पाळायच्या हे आमच्याकडे तेव्हा नवलच होतं. तात्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं — पेटीचा खालचा मजला माश्यांचा. तिथं राणी, अंडी, अळ्या, त्यांच्या पावसाळ्याची बेगमी. वरचा मजला आपला. वरच्या चौकटी यंत्रात घालून फिरवायच्या, मध बाहेर उडतो, पोळं जसंच्या तसं राहतं, एक माशी मरत नाही. खालच्या मजल्याला चाकू लावायचा नाही. एवढा एकच नियम ते प्रत्येक रविवारी म्हणायचे, आरतीसारखा.

आणि मी तो नियम घेऊन गावभर भाषणं दिली. त्या भाषणांची मला आज किळस येते. बाजाराच्या दिवशी सातपुड्यातून मध विकायला येणाऱ्या एका बाईकडून मी मुद्दाम गाडगंभर मध घेतला. तिनं देतानाच सांगितलं, गाळून घे, आत पोरं आहेत. पोरं म्हणजे अळ्या. ते गाडगं मी बायकांच्या सभेत वर धरलं, चमच्यानं एक मेलेली माशी काढून दाखवली, नाक मुरडलं, आणि शेजारी आमची स्वच्छ बाटली उजेडात धरली. हा पिळलेला, हा न पिळलेला. हा हिंसेचा, हा अहिंसेचा. टाळ्या पडल्या. जिनं आत काय आहे ते आपणहून सांगितलं होतं, तिच्या गाडग्यावर मी टाळ्या घेतल्या.

त्या सभेत माझ्या शेजारच्या जडावकाकी बसल्या होत्या. त्यांचं कापडाचं दुकान होतं, मुलगा बघायचा. मारवाडातून आलेलं जैन घर. मध त्यांच्यात वर्ज्य — कांदा-बटाट्यासारखा नव्हे, त्याहून फार कडक. एका थेंबात किती जीव, हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. आणि काकींना दमा होता. वैद्यांनी दिलेलं चूर्ण मधातून घ्यायचं असायचं, त्या साखरेच्या पाण्यातून घ्यायच्या, आणि पावसाळ्यात त्यांचा श्वास भिंतीपलीकडून मला ऐकू यायचा. सुतार करवत ओढतो तसा.

मी त्यांच्या मागं लागले. काळजीनं लागले असं मी पुष्कळ दिवस समजत होते. खरं सांगू? जैन घरातल्या एका तरी बाईनं आमचा मध घेतला, असं मला मंडळात सांगायचं होतं. विठ्ठलभाऊंसमोर सांगायचं होतं.

चैत्रात माझ्या पेटीचा वरचा मजला भरला. काकी म्हणाल्या, नको बाई, जन्मभर सांभाळलं. मग मी तो सगळा मध वाटला. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांच्या घरी, मामलेदारांच्या घरी, जिथं जिथं नाव होईल तिथं. एक बाटलीसुद्धा ठेवली नाही. एवढी व्यवस्थित बाई, आणि एकही ठेवली नाही.

श्रावणात काकी स्वतः आल्या. ओट्याला धरून उभ्या राहिल्या, दम खात. म्हणाल्या, "जीव तो मरत नाही ना, बाई? तुम्ही शिकलेल्या. तुम्ही म्हणाल तर घेईन."

मी म्हटलं, एकही नाही. उद्या देते.

आता मी काय करू शकत होते ते मला ठाऊक आहे. माझ्याकडचा संपला, आठ दिवस थांबा, असं म्हणता आलं असतं. कोरीटला निरोप धाडला असता तर विठ्ठलभाऊंनी बाटली दिली असती. त्यांच्याकडे होती. पण मग ते म्हणाले असते, बाईंना यादी आहे, मध नाही. एवढंच. एवढंच म्हणाले असते ते. एका थट्टेला मी भ्याले — आणि पुढचं सगळं त्या एवढ्याशा गोष्टीपायी, हे लिहिताना मला माझ्या हातांचाच राग येतो.

दुपारी मी पेटी उघडली. वरचा मजला कोरडा. बाहेर पाऊस, फुलं नाहीत, माश्या खाली गोळा होऊन बसलेल्या. मी खालची चौकट काढली. तिच्या वरच्या कडेला मधाचा पट्टा होता आणि त्याखाली सगळं पोळं अळ्यांनी भरलेलं. नुसता पट्टा कापायचा असं ठरवून चाकू लावला. पट्टा बोटभर निघाला. त्यानं बाटलीचा तळ झाकला नसता. मग मी आणखी खाली कापलं. मग दुसरी चौकट. मग हात थांबलाच नाही.

ती पोळी फडक्यात घालून मी पिळली. धुणं पिळतात तशी, दोन्ही हातांनी. अळ्या तांदळाच्या दाण्यासारख्या, मऊ. त्या बोटांखाली फुटताना कळतात. फडक्यातून जे आलं ते मध नव्हतं, गढूळ, दुधाळ काहीतरी होतं. काही माश्या फडक्यातच राहिल्या होत्या, त्यांचा आवाज थोडा वेळ येत राहिला. मी थांबले का? नाही. मलमलीचं स्वच्छ फडकं घेतलं आणि पुन्हा गाळलं. ते निवळत ठेवलं, वरचा फेस काढला, बाटली उकळत्या पाण्यानं धुतली. सगळं पद्धतशीर. बाटली उजेडात धरून पाहिली — सभेत धरली होती तशीच — आणि माझ्या मनात आलं, कळणार नाही.

उरलेला चोथा मी परसात पुरला. माश्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेटी सोडून उडून गेल्या. मंडळात मी सांगितलं की पोळं खाणारा मेणकिडा लागला. तात्यांनी रिकाम्या चौकटी हातात घेतल्या, कापलेल्या कडांवरून अंगठा फिरवला आणि परत दिल्या. त्यांना समजलं होतं असं मला वाटतं. विठ्ठलभाऊंनी मात्र त्या रविवारी थट्टा केली नाही. उलट आपल्या माश्यांची एक वसाहत मला द्यायला तयार झाले. "बाई, मन वाईट करू नका. मन्हा पेटीतल्या माश्या तुम्हले दिसू." त्या मी घेतल्या. आजही माझ्या परसात आहेत त्या त्यांच्याच माश्यांच्या वंशातल्या.

काकींनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. रोज सकाळी चूर्णाबरोबर एक चमचा. दमा कमी झाला की नाही, हे मी कधी विचारलं नाही. भिंतीपलीकडचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी माझं अंथरूण दुसऱ्या खोलीत नेलं. पण काकींनी मध घेतला, हे मंडळात सांगितलं. तेवढं सांगायला विसरले नाही.

इथंच संपलं असतं तर कदाचित मी आज लिहितही बसले नसते. खोटं बोलणारी माणसं पुष्कळ असतात, मीही त्यातली एक, असं म्हणून गप्प राहिले असते.

भाद्रपदात त्यांचं पर्युषण असतं. उपास संपले की ही माणसं घरोघर जाऊन हात जोडतात — वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. थोरामोठ्यांनी धाकट्यांपुढं, शेठाणीनं मोलकरणीपुढंही. काकी दरवर्षी माझ्याकडे यायच्या आणि मीही उलट हात जोडायची, नमस्काराला नमस्कार करतात तशी. त्या वर्षीही संवत्सरीच्या, म्हणजे शेवटच्या उपासाच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. उपासानं चेहरा बारीक झालेला. हात जोडून म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडं, बाई." नेहमी एवढं म्हणून जायच्या. त्या दिवशी उभ्याच राहिल्या.

म्हणाल्या, मी तुमचं मोठं पाप मनात धरलं. बाटली संपत आली तेव्हा आंबूस वास आला, तळाशी पांढरं पांढरं काही दिसलं. मला वाटलं, बाईनं मला फसवलं. तुमच्यासारख्या बाईवर मी असा वहीम घेतला. मग माझीच मला लाज वाटली. "त्याचं प्रायश्चित्त म्हणून तळाचं सगळं खरवडून घेतलं, बाई. काही ठेवलं नाही. आता तुम्ही माफ करा."

काकी त्यानंतर काही वर्षांनी गेल्या. त्यामुळे त्या सकाळी मी जे बोलले त्यात आता काही बदलता येत नाही.

त्या माझ्यापुढं वाकून उभ्या होत्या. वयानं माझ्या आईएवढ्या. क्षमेचे शब्द त्यांनीच आणून माझ्या दारात ठेवले होते, मला फक्त तेच उलट म्हणायचे होते, दरवर्षी म्हणायची तसे, आणि या वेळी खरे. मी म्हटले नाहीत. माझे हात जोडलेसुद्धा गेले नाहीत. मला सुटल्यासारखं वाटत होतं — वहीम गेला, बाटली संपली, आता कुणाला काही दिसणार नाही.

मी त्यांचे जोडलेले हात माझ्या हातांत घेतले. माफ केलं, काकी, असं म्हणाले. आणि वर हेही म्हणाले, की मनात काही ठेवू नका.