फारूखचं सहावं गाणं

फारूखला काय सांगायला गेलं की तो माउथ ऑर्गन तोंडाला लावतो. म्हणजे बोलणं संपलं. जवानीपासून हेच चाललंय. आम्ही दोघं एका ऑर्केस्ट्रात होतो. सिल्लोड, करमाड, जिथं लग्न तिथं आम्ही. मी धम्मपाल, गिटारवर. लोकांना सिनेमाची गाणी पाहिजेत, ती तो वाजवायचा, पण मंडप रिकामा झाला की ब्लूज काढायचा, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ते दुखऱ्या सुरांचं संगीत. वेरूळ बघायला आलेल्या एका गोऱ्यानं त्याला कॅसेटी दिल्या होत्या, तिथून हे खूळ डोक्यात शिरलं. पुढं त्यानं शेंद्र्याच्या कंपनीत स्टोअर सांभाळलं, पोरींची लग्नं केली, खूळ काही गेलं नाय.

आता पिकल्या दाढीला त्याला अल्बम काढायचाय. बरं, काढ बाबा. पण याच्या अटी बघा. सगळं जुन्या पद्धतीनं पाहिजे. एकच खोली, एकच माईक, एका मंडपवाल्याच्या अडगळीतून उचलून आणलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, आणि गाणं सुरू झालं की शेवटपर्यंत एका दमात. मधी तोडायचं नाय, नंतर जोडायचं नाय. अरे, पण दम आहे कुठं? छातीच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलंय की आत गेलेली हवा नीट बाहेर येत नाय, जपून राहा. आणि ब्लूजची सगळी गंमत श्वास आत ओढून वाजवण्यात. म्हणजे डॉक्टरला जे नको, नेमकं तेच याला पाहिजे.

पाच गाणी कशीबशी झाली. सहावं लई संथ आणि सगळ्यात लांब, एकच चाल पाच राउंड फिरवायची. त्या दिवशी सकाळीच त्याच्या बायकोचा, अमिनाभाभीचा फोन आला. "भैया, रात्रभर बसून होते. पडलं की दम लागतो म्हणे. तुमचं ऐकतात, बघा जरा." माझं कोण ऐकतंय? पण गिटार घेऊन लवकरच निघालो.

स्टुडिओ म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या सोमनाथच्या दुकानावरची खोली. जिना चढून आला तसा फारूख खुर्चीत बसला, दम्याचा पंप ओढला आणि माझ्याकडं बघून म्हणला, "तोंड असं का केलंस? मयतीला आलास का?" मला हसू आलं नाय.

सुरू केलं. काय वाजवलं म्हणून सांगू, अंगावर काटा आला. पण माझं ध्यान त्याच्या गळ्याकडं. सूर ओढला की शिरा तट्ट फुगायच्या, गळ्याखाली खड्डा पडायचा. तिसऱ्या राउंडला मला त्याचे ओठ निळे दिसले. खरंच होते का माझ्या डोळ्यांचा भास, काय माहीत. अजून दोन राउंड बाकी होते. माझा धीर सुटला आणि मी गिटारच्या खोक्यावर दोन ठोके दिले.

हे ठोके आमचे जुने. लग्नात नवरदेव मांडवात आला की चालू गाणं झटक्यात आवरावं लागायचं. तेव्हा मी असे दोन ठोके द्यायचो आणि फारूख वळूनसुद्धा न बघता हातातला राउंड संपवून थांबायचा. आजपण त्यानं तेच केलं. सूर हळूच खाली आणला, गाणं मिटवलं, आणि धडपडत उठून माझ्याजवळ आला.

"धम्मा, काय झालं? छातीत दुखतंय का? सोमनाथ, पाणी आण लवकर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला काय झालं नाय," मी म्हणलो. "तुझ्यासाठी दिले."

तो परत खुर्चीत जाऊन बसला. "आजवर तुझ्या ठोक्यावर थांबलो. का म्हणून कधी विचारलं नाय." आवाज चढवला नव्हता, तेच जास्त लागलं. "परत वाजवू. हात तारांवर ठेव, खोक्यावर नको."

"फारूख, मरशील."

त्यानं माउथ ऑर्गन तोंडाला लावला.

चौथ्या राउंडला तो थांबलाच. माउथ ऑर्गन बाजूला करून नुसती हवा बाहेर सोडत राहिला. छातीतून शीळ ऐकू येत होती. मी एकटाच ठेका धरून बसलो. घामानं बोटं तारांवरून सरकत होती, गिटार फेकून द्यावी आणि खाली जाऊन रिक्षा बोलवावी असं वाटत होतं. मग तो परत गाण्यात आला आणि शेवटपर्यंत गेला.

सोमनाथ खूश. "चाचा, पूर्ण झालं. हेच ठेवू."

"नको. पहिलं ठेव," फारूख म्हणला. "अर्धं राहिलं, पण सूर त्यातच बरे लागलेत."

माझं डोकंच फिरलं. "मग हे दुसरं कशाला वाजवलंस रे? जीव गेला असता तर?"

"तुझं तोंड बघवत नव्हतं," तो म्हणला. "म्हणलं, याला एकदा दाखवावं, जमतंय म्हणून."

मी गिटार पिशवीत घातली. जिन्याच्या तोंडाशी त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. मला वाटलं, राग गेला. दुसऱ्या पायरीवर कळलं की सगळा भार त्यानं माझ्यावर दिलाय. मी एक पायरी उतरायचो आणि थांबायचो, त्याचा श्वास घेऊन होईपर्यंत.